वाचकांचे प्रश्न : सेनापती हान शिन

चीनमधील हान राजवटीच्या स्थापनेविषयी या सदरात उत्तर दिल्यानंतर त्या राजवटीचा सर्वांत मोठा सेनापती मानला जाणारा हान शिन याच्याबद्दल मुंबईतील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. या उत्तरांतील बहुतेक माहिती सिमा छियान या दरबारी इतिहासकाराच्या ‘शी जी’ या ग्रंथातील आहे. हान शिनच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याने हा ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी तो हान शिनच्या गावालाही जाऊन आला होता.

प्रश्न : माझ्या मुलाच्या मोबाइलवरील एका खेळात हान शिन नावाचा योद्धा आहे. तो खरोखर होऊन गेला का, आणि तो राजघराण्यातला होता का? (एक वाचक भगिनी, गिरगाव)

हान शिन खरोखर होऊन गेला. त्याचा मृत्यू इसवी सनपूर्व १९६ मध्ये झाला. राजघराण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. किंबहुना त्याच्या इतके हलाखीचे तारुण्य फार थोड्या सेनापतींच्या वाट्याला आले असेल. सध्याच्या जिआंगसू प्रांतातील हुआइयिन हे त्याचे गाव. त्याला सरकारी नोकरी मिळाली नाही, व्यापार त्याला जमला नाही, म्हणून तो इतरांच्या घरी जेवून दिवस काढी. एका गावप्रमुखाकडे तो काही महिने जेवायला जात असे. त्या घरच्या बाईने शेवटी पहाटेच स्वयंपाक उरकून अंथरुणातच जेवून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे हा आला तेव्हा त्याला वाढायला काही उरू नये. हान शिनने काय ते ओळखले आणि त्या घराची पायरी पुन्हा चढला नाही. पुढे तो नदीकाठी गळ टाकून बसू लागला. तेथे रेशमाचे धागे धुणाऱ्या बायकांपैकी एका वृद्ध बाईने त्याची भूक पाहून त्याला कित्येक दिवस आपल्या डब्यातले खाऊ घातले. ‘मी तुमचे उपकार नक्की फेडीन,’ असे तो म्हणाला तेव्हा ती रागावली. धडधाकट पुरुषाला स्वतःचे पोट भरता येत नाही म्हणून मला दया आली, परतफेडीच्या आशेने मी जेवू घातले नाही, असे तिने त्याला सुनावले.

याच गावात खाटीक आळीतल्या एका दांडगट तरुणाने भर बाजारात त्याला अडवले. कमरेला तलवार लावून फिरतोस, तर मरणाची भीती नसेल तर मला भोसक, नाहीतर माझ्या दोन पायांमधून रांगत जा, असे त्याने आव्हान दिले. हान शिनने त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि तो खाली वाकून रांगत गेला. सारा बाजार हसला. या प्रसंगाकडे केवळ सहनशीलतेचा धडा म्हणून पाहिले जाते, परंतु माझ्या मते त्यातले महत्त्वाचे आहे ते त्याचे निरखून पाहणे. रागाच्या क्षणीही समोरच्या माणसाचा आणि परिणामांचा हिशेब मांडण्याची ही सवय त्याच्या प्रत्येक लढाईत दिसते.

पुढे तो चू राज्याचा राजा झाल्यावर गावी परतला. त्या वृद्ध बाईला त्याने एक हजार सुवर्णमुद्रा दिल्या. गावप्रमुखाला, हाती घेतलेले चांगले काम शेवटास न नेल्याबद्दल, फक्त शंभर नाणी दिली. आणि त्या दांडगटाला आपल्या राज्यात लष्करी अधिकारी नेमले. त्या दिवशी मी याला मारू शकलो असतो, पण त्याने नाव झाले नसते, म्हणून सोसले आणि येथवर पोहोचलो, असे त्याने आपल्या सरदारांना सांगितले.

प्रश्न : नदीकडे पाठ करून लढणे ही युद्धशास्त्रातील चूक समजली जाते. हान शिनने मुद्दाम तसे केले असे वाचले. आम्ही सह्याद्रीत भटकणारी मंडळी आहोत. आपल्या उंबरखिंडीच्या लढाईशी या लढाईची तुलना करता येईल का? (एक गिर्यारोहक, मुलुंड)

आपण ज्या लढाईविषयी विचारता ती जिंगशिंग खिंडीची लढाई इसवी सनपूर्व २०४ मध्ये झाली. आपल्या प्रश्नातील तुलना मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

छिन साम्राज्य कोसळल्यावर चीनमध्ये दोन प्रबळ दावेदार उरले, चू देशाचा पराक्रमी सेनानी शियांग यू आणि शेतकरी घराण्यातून वर आलेला आणि पुढे हान राजवट स्थापन करणारा लिऊ बांग. हान शिन आधी शियांग यूकडे होता, पण तेथे भाला धरून पहारा करण्यापलीकडे त्याला काम नव्हते आणि त्याचा सल्ला कोणी ऐकत नसे. म्हणून तो लिऊ बांगकडे गेला. तेथेही कदर होत नाही असे दिसताच तो पळून निघाला. तेव्हा प्रधान श्याव ह राजाला न सांगताच त्याच्या मागे घोडा टाकून गेला आणि त्याला परत घेऊन आला. इतके सरदार पळाले तेव्हा तुम्ही कोणाच्याही मागे गेला नाहीत, मग याच्याच का, असे लिऊ बांगने विचारले. असे सरदार सहज मिळतील, पण साऱ्या देशात याच्या तोडीचा दुसरा नाही, असे उत्तर श्याव हने दिले. त्याच्याच आग्रहावरून राजाने शुभ दिवस पाहून, उपवास करून, उंच चौथरा बांधून या अनोळखी माणसाला सरसेनापतीची वस्त्रे दिली. सारे सैन्य थक्क झाले.

वेई आणि दाई ही राज्ये जिंकल्यावर हान शिनने झाओ राज्याकडे मोर्चा वळवला. त्यासाठी ताइहांग पर्वतरांगेतील जिंगशिंगची अरुंद खिंड ओलांडणे भाग होते. त्याच्याजवळ काही दशसहस्र माणसे होती. पलीकडे झाओचे सैन्य दोन लाखांचे आहे असे सांगितले जात होते. झाओच्या बाजूला ली झुओचे नावाचा एक अतिशय हुशार सरदार होता. त्याने आपला सेनापती चेन यू याला सांगितले की, या वाटेवर दोन गाड्या शेजारून जाऊ शकत नाहीत, घोडेस्वारांना रांग धरता येत नाही, त्यामुळे शत्रूचे धान्य नक्कीच मागे राहिलेले असणार. मला तीस हजार माणसे द्या, मी आडवाटेने जाऊन ती रसद तोडतो. तुम्ही खंदकाआड राहा आणि लढू नका. त्यांना पुढे लढता येणार नाही, मागे फिरता येणार नाही, आणि दहा दिवसांच्या आत शत्रू सेनापतींची मुंडकी तुमच्या निशाणाखाली येतील.

आता उंबरखिंड आठवा. १६६१ च्या फेब्रुवारीत शाइस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान, सोबत रायबाघन, मोठे सैन्य घेऊन कोकणात उतरत होता. शिवाजी महाराजांनी त्याला दाट जंगलातल्या त्या अरुंद वाटेत पूर्णपणे शिरू दिले आणि पुढची-मागची दोन्ही तोंडे बंद केली. पुढे सरकता येईना, मागे फिरता येईना, पिण्याच्या पाण्याचीही भ्रांत पडली. अखेर खानाला शरण येऊन आणि खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. मुंबईकरांना ही जागा दूर नाही, खोपोली लोकलने शेवटच्या स्थानकापर्यंत गेले की पुढे थोडाच प्रवास उरतो. तेथे उभे राहून दोन्ही बाजूंचे डोंगर पाहिले की ली झुओचेचे म्हणणे शब्दशः पटते. म्हणजे आपली तुलना योग्य आहे, फक्त एक गोष्ट उलटी धरावी लागते. उंबरखिंडीत जे घडले ते जिंगशिंगमध्ये हान शिनच्या बाबतीत घडू शकले असते. खिंडीत सापडणारा तो होता.

ते घडले नाही, याचे कारण चेन यू. न्यायाने लढणाऱ्या सैन्याने कपट करायचे नसते, असे त्याचे मत होते. शिवाय एवढ्या थोड्या, दमलेल्या शत्रूला टाळले तर शेजारची राज्ये आपल्याला भित्रे म्हणतील, ही धास्ती. त्याने सल्ला धुडकावला. हान शिनच्या हेरांनी ही बातमी आणली, आणि ती कळेपर्यंत हान शिनने खिंडीत पाऊल टाकले नव्हते, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ज्याला लोक बेधडक म्हणतात तो माणूस खिंडीच्या तोंडाशी बातमीची वाट पाहत थांबला होता.

मध्यरात्री त्याने दोन हजार हलके घोडेस्वार निवडले, प्रत्येकाच्या हाती एक लाल निशाण दिले आणि डोंगराच्या आडोशाने त्यांना झाओच्या छावणीजवळ पाठवले. छावणी रिकामी होईल त्या क्षणी आत घुसून शत्रूची निशाणे उपटायची आणि आपली लावायची, एवढाच हुकूम. बाकीच्यांना थोडा फराळ वाटायला सांगून त्याने सांगितले की, आज झाओचा पराभव केल्यावर पोटभर जेवू. सरदारांनी ‘होय’ म्हटले, पण विश्वास कोणाचाच बसला नव्हता. मग दहा हजार माणसे पुढे जाऊन नदीकडे पाठ करून उभी राहिली, ते पाहून झाओचे सैनिक मोठ्याने हसले. पहाट झाल्यावर हान शिन स्वतः सेनापतीची निशाणे आणि नगारे घेऊन खिंडीबाहेर आला, बराच वेळ लढला आणि हरल्याचे सोंग करून, निशाणे-नगारे टाकून नदीकडे पळाला. सेनापतीची निशाणे मिळवण्याच्या हव्यासाने झाओचे सगळे सैन्य छावणी सोडून धावले. नदीकाठच्या सैन्याला मागे हटायला जागाच नव्हती, त्यामुळे ते जिवावर उदार होऊन लढले. फळी फुटत नाही असे दिसल्यावर झाओचे सैन्य छावणीकडे वळले, तेव्हा तटावर दोन हजार लाल निशाणे फडकत होती. आपला राजा आणि सरदार पकडले गेले असे समजून ते सैन्य उधळले. चेन यू मारला गेला, झाओचा राजा कैद झाला.

विजयानंतर सरदारांनी नेमका आपलाच प्रश्न विचारला. युद्धशास्त्र सांगते की पाठीशी डोंगर असावा आणि समोर पाणी, मग आपण उलट का केले? हान शिनने उत्तर दिले की, हेही युद्धशास्त्रातच आहे, मृत्यूच्या जागी लोटल्यावरच माणसे जगण्यासाठी लढतात. आणि त्यापुढे तो जे म्हणाला ते मला अधिक मोलाचे वाटते. ही माणसे माझ्या हाताखाली तयार झालेली नाहीत. बाजारातली माणसे गोळा करून लढायला नेण्यासारखे हे आहे. त्यांना सुटायला जागा ठेवली असती तर सगळी पळाली असती. हे विधान अतिशयोक्त नव्हते. वेई आणि दाईच्या मोहिमांनंतर लिऊ बांगने त्याचे कसलेले सैन्य शियांग यूविरुद्धच्या आघाडीसाठी काढून नेले होते. नदीकडे पाठ करण्याचा निर्णय नवख्या सैन्याच्या मनाचा विचार करून घेतलेला होता, आणि त्याला लाल निशाणांची जोड नसती तर तो केवळ आत्मघात ठरला असता. नंतरच्या काळात ज्यांनी फक्त नदीकाठ उचलला आणि घोडेस्वार विसरले, त्यांची फजिती झाल्याचे दाखले चीनच्या इतिहासात आहेत.

एक गोष्ट सांगायची राहिली. ली झुओचेला मारू नये, जिवंत आणणाऱ्याला एक हजार सुवर्णमुद्रा, असा हुकूम हान शिनने सोडला होता. त्याला बांधून आणल्यावर त्याने स्वतः त्याचे दोर सोडले, त्याला मानाच्या जागी बसवले आणि पुढे काय करावे असे शिष्याप्रमाणे विचारले. सैन्य दमले आहे, लढू नका, पत्र पाठवा, असा सल्ला त्याने दिला. आणि येन राज्य एका पत्रावर शरण आले.

प्रश्न : ज्या प्रधानाने हान शिनला वर आणले त्यानेच त्याला मृत्यूच्या दारी नेले, असे म्हणतात. हान शिनने खरोखर बंड केले होते का? (एक निवृत्त शासकीय अधिकारी, बोरिवली)

याचे उत्तर देताना आधी काही तारखा आणि प्रसंग समोर ठेवले पाहिजेत, कारण संशय एका दिवसात निर्माण झालेला नव्हता.

जिंगशिंगनंतर एका पहाटे लिऊ बांग दूत असल्याचे भासवून हान शिनच्या छावणीत शिरला आणि हान शिन झोपेत असतानाच त्याच्या शय्यागृहातून सेनापतीचा शिक्का उचलून सैन्य ताब्यात घेतले. हान शिनला मग नवे सैन्य उभे करून ची राज्य जिंकायला पाठवण्यात आले. तेथे एका राजदूताने बोलणी करून ची राज्याला वळवले होते. तरीही सल्लागार कुआई तोंगच्या सांगण्यावरून हान शिनने चढाई केली आणि चिडलेल्या ची राजाने त्या दूताला उकळत्या कढईत टाकून मारले. हा डाग हान शिनच्या नावावर आहे आणि तो पुसता येणार नाही. त्यानंतर वेई नदीवर त्याने दहा हजारांहून अधिक वाळूच्या पोत्यांनी वरच्या अंगाला पाणी अडवले, चू सेनापती लोंग जू अर्ध्या पात्रात आल्यावर पाणी सोडले आणि त्याचे सैन्य दोन भागांत तोडले. ची जिंकल्यावर त्याने, येथील कारभारासाठी मला तात्पुरता राजा नेमावे, असे पत्र लिऊ बांगला पाठवले. लिऊ बांग त्या वेळी वेढ्यात अडकलेला होता. त्याने पत्र वाचून शिव्या द्यायला सुरुवात केली, तोच झांग ल्यांग आणि चेन पिंग या सल्लागारांनी त्याचा पाय दाबला. लिऊ बांग सावरला आणि म्हणाला, तात्पुरता कशाला, मर्दाने राजा व्हायचे तर खराच व्हावे. शिक्का पाठवला गेला. मनात मात्र ते राहिले.

यानंतर कुआई तोंगने हान शिनला स्पष्ट सांगितले की, चीनची वाटणी तुमच्या हाती आहे, तिघांचे राज्य होऊ द्या, कारण स्वामीला धाक वाटेल एवढा पराक्रम करणारा सुरक्षित राहत नाही. हान शिनने नकार दिला. ज्याने आपल्या अंगावरचे वस्त्र मला घातले, आपल्या ताटातले मला खाऊ घातले, त्याच्याशी बेइमानी करणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आपण राजावर एवढे उपकार केले आहेत की तो आपले राज्य काढून घेणार नाही, असाही त्याचा हिशेब होता. इसवी सनपूर्व २०२ मध्ये गाईश्या येथे त्याने शियांग यूला निर्णायकरीत्या हरवले, आणि लगेच लिऊ बांगने पुन्हा त्याच्या छावणीत जाऊन सैन्य काढून घेतले. त्याला ची ऐवजी चूचे राज्य मिळाले. पुढच्याच वर्षी बंडाच्या तक्रारीवरून त्याला पकडून केवळ हुआइयिनचा जहागीरदार करण्यात आले आणि राजधानीत नजरेखाली ठेवण्यात आले. तेथे त्याला आपली बरोबरी साध्या सरदारांशी होते याचा राग येई आणि तो तो लपवीत नसे. एकदा लिऊ बांगने विचारले की, मी किती सैन्य चालवू शकेन? हान शिन म्हणाला, फार तर एक लाख. आणि तू? मला जितके जास्त तितके बरे. मग माझ्या कैदेत कसा, असे राजाने हसून विचारले, तेव्हा तो म्हणाला की, आपल्याला सैन्य चालवता येत नसले तरी सेनापती चालवता येतात.

इसवी सनपूर्व १९६ मध्ये, लिऊ बांग उत्तरेत चेन शी या सरदाराचे बंड मोडायला गेला असताना, हान शिन आतून त्याला सामील आहे, तुरुंगातले कैदी सोडून राजवाड्यावर हल्ला करणार आहे, अशी खबर लिऊ बांगची पत्नी सम्राज्ञी लू हिच्याकडे आली. तिने श्याव हशी मसलत केली. बंड मोडले, अभिनंदनाला या, असा निरोप श्याव हने दिला, आणि राजवाड्यात पाऊल टाकताच हान शिनला पकडून घंटागृहात त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या साऱ्या कुळाचाही संहार झाला. लिऊ बांग परतल्यावर त्याला आनंदही झाला आणि वाईटही वाटले, असे सिमा छियानने नोंदवले आहे.

आपण शासकीय सेवेत चौकशीची कागदपत्रे पाहिली असतील, म्हणून पुराव्याकडेच वळतो. खबर देणारा हा हान शिनने कैदेत टाकून मारायला काढलेल्या एका नोकराचा भाऊ होता. चेन शीशी झालेले कारस्थानाचे बोलणे, नोकरांना दूर करून, अंगणात दोघांतच झाले, असे ‘शी जी’ सांगते. मग ते ऐकले कोणी? आरोपीची जबानी नाही, सुनावणी नाही, राजा परत येण्याची वाट पाहिली नाही. त्याच वर्षी पेंग युए हा दुसरा मोठा सेनानीही बंडाच्या आरोपावरून मारला गेला, आणि ते पाहून तिसरा, यिंग बू, खरोखरच बंडाला उठला. हाती लाखोंचे सैन्य आणि राज्य असताना जो उठला नाही, तो नजरकैदेत राहून कैद्यांच्या बळावर उठेल, हे मला पटत नाही. सिमा छियानने त्याला निर्दोष म्हटलेले नाही. हान शिन नम्र राहिला असता, पराक्रमाचा तोरा मिरवला नसता, तर त्याच्या वंशजांनी पिढ्यान्पिढ्या मान घेतला असता, असे त्याचे मत. परंतु कुआई तोंगचा सल्ला आणि हान शिनचा नकार त्याने शब्दन्शब्द, कितीतरी पाने खर्चून दिला आहे. हान राजाच्या पदरी असलेल्या लेखकाला याहून अधिक उघड लिहिता आले नसते, असे मला वाटते.

माझे मत असे की, हान शिनचे यश आणि त्याचा शेवट यांचे मूळ एकच आहे. त्याचे सैन्य कधीच त्याचे नव्हते. हाती येईल त्या नवख्या माणसांकडून जिंकून घेण्यात तो अद्वितीय झाला, आणि त्याच कारणाने, सैन्य काढून घेतले की त्याच्यापाशी ना मुलूख उरे, ना निष्ठावंत माणसे. शत्रूच्या मनाचा इतका अचूक अंदाज घेणाऱ्या या माणसाने आपल्या धन्याच्या मनाचा अंदाज मात्र कृतज्ञतेच्या मापाने घेतला.

मरताना हान शिनने कुआई तोंगचे नाव घेतले होते, म्हणून त्यालाही पकडून आणले गेले. त्याने सल्ला दिल्याचे नाकारले नाही. त्या वेळी मी फक्त हान शिनला ओळखत होतो, आपल्याला नव्हे, कुत्रा आपल्या मालकासाठीच भुंकतो, असे तो राजाला म्हणाला. लिऊ बांगने त्याला सोडून दिले.

प्रश्न : गणितात ‘हान शिनची सैनिकमोजणी’ म्हणून एक कोडे येते. ते त्याचेच आहे का? (गणिताच्या एक शिक्षिका, परळ)

नाही, त्याचे नाव या कोड्याला फार नंतर जोडले गेले. मूळ उदाहरण इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांदरम्यानच्या एका चिनी गणितग्रंथात आहे आणि त्यात सैन्याचा उल्लेखच नाही. काही वस्तू आहेत. तीन-तीनने मोजल्या तर दोन उरतात, पाच-पाचने मोजल्या तर तीन, सात-सातने मोजल्या तर दोन. तर वस्तू किती? ग्रंथातील रीत अशी आहे की, पहिल्या बाकीला ७०ने, दुसरीला २१ने आणि तिसरीला १५ने गुणावे. १४०, ६३ आणि ३० यांची बेरीज २३३ येते. तीतून १०५ दोनदा वजा केले की २३ उरतात. हेच सैन्याला लावले तर, आपली माणसे हजाराच्या थोडी वर असावीत एवढा अंदाज असलेला सेनापती, त्यांना तीनदा निरनिराळ्या रांगांत उभे करून फक्त उरलेल्यांची संख्या विचारतो आणि २३ मध्ये १०५ची दहा पट मिळवून १०७३ हा आकडा सांगतो. वर्गात मुलांना प्रत्यक्ष रांगा करून हे दाखवता येईल. वर्गात साठपर्यंतच विद्यार्थी असतील आणि बाक्या याच आल्या तर २३ हे एकच उत्तर शक्य राहते, कारण पुढचे उत्तर थेट १२८ आहे. या प्रकारची उदाहरणे सोडवण्याची सर्वसाधारण रीत आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये दिली असून तिला आपल्याकडे कुट्टक म्हणतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही कुट्टकावर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांपुढे दोन्ही रीती शेजारी शेजारी मांडणे आपल्याला सोपे जाईल.